चंदनाक्कानं सोडलेली द्राक्षं

तासगावपासून सात किलोमीटरवर, ओढ्याच्या अलीकडं माझं बेदाण्याचं शेड आहे. लांबलचक, बाजूनं हिरवी जाळी, वरून पत्रा. फेब्रुवारीपासून एप्रिल संपेपर्यंत मी तिथंच असतो. द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवायचे, जाळीवर पसरायचे, पंधरा दिवसांनी झाडायचे, आणि मग बायकांनी बसून बेदाणा निवडायचा. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, डागी वेगळा. या बायकांत गेली एकोणीस वर्षं पहिल्या जागेवर चंदनाक्का बसते. पूर्ण नाव चंदनबाला रामगोंडा पाटील, वय बहात्तर, शहीद जवान सन्मती पाटीलची आई.

शेडवर आलेला माणूस, मग तो व्यापारी असो नाहीतर वायरमन, पहिल्यांदा चार बेदाणे तोंडात टाकतो. निवडणाऱ्या बायकांची तोंडं तर दिवसभर चालूच असतात, त्याला मी कधी बोललो नाही. एकटी चंदनाक्का खात नसे. मूठभर बेदाणा घ्यायची, दाबायची, मूठ उघडून बघायची आणि म्हणायची, "गोड हाय. जाऊ दे ह्यो." तिचा अंदाज चुकलेला मला आठवत नाही.

शहिदाच्या आईला कामाला बसवतोस, लाज वाटत नाही का, असं मला तोंडावर विचारणारे लोक आहेत. वाटत होती. पहिल्याच वर्षी मी तिला म्हणालो होतो, "आक्का, तुमी कशाला येताय? घरी बसा की निवांत."

"घरी बसून काय करू? ह्येनी रानात, मी भिताडासंगं बोलू?" ती म्हणाली, आणि पोतं अंथरून बसली. तिच्यापुढं गप्प बसायची मला सवय आहे. लहानपणी मला आणि सन्मतीला तिनं एकाच काठीनं बडवलंय.

सन्मती आणि मी पहिलीपासून एका बाकावरचे. मी निजाम मुल्ला, तो सन्मती पाटील. हजेरीत नावं लांब, पण मार खायला जवळजवळ. सत्त्याण्णव साली आम्ही दोघं भरतीला गेलो. पळण्यात मी त्याच्या पुढं होतो, पण छाती मापताना कितीही श्वास भरला तरी एक सेंटिमीटर कमी पडली. तो पास झाला, मी परत आलो. त्या एका सेंटिमीटरबद्दल लोक मला आजही नशीबवान म्हणतात. मला काय म्हणावं ते अजून कळलेलं नाही.

जैनाच्या घरातलं पोर फौजेत चाललं म्हटल्यावर गावात कुजबुज झाली. सूर्य मावळायच्या आत जेवणारं घर ते, मुंगी चुकवून पाय टाकणारी माणसं. त्याचे वडील रामगोंडाआप्पा आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. आक्का मात्र रडली नाही की भांडली नाही. त्या वर्षी गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनी महाराज चातुर्मासाला होते. ती त्यांच्यापुढं जाऊन बसली आणि तिनं नियम घेतला.

जैनांत ही रीत आहे. मनातल्या एका गोष्टीसाठी आपली आवडती वस्तू सोडायची. कुणी गूळ सोडतं, कुणी तूप, कुणी मीठ. महाराजांपुढं हात जोडून शब्द बोलायचे आणि ते शब्द मग फिरवायचे नाहीत. आक्काचे शब्द होते, "माझा सन्मती घरी येईपर्यंत मी द्राक्ष खाणार न्हाई. वलं न्हाई की वाळलेलं न्हाई." द्राक्षाशिवाय दुसरं काही न पिकवणाऱ्या गावात तिनं द्राक्षच सोडलं. ते तिला लय आवडायचं, म्हणून.

नियम सोपा नव्हता. लग्नाच्या पंगतीत शिऱ्यातला एकेक बेदाणा ती बोटानं बाजूला काढत बसायची. वाढपी वैतागायचे. सन्मती पहिल्या सुट्टीला आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं, आला घरी. आक्का म्हणाली, "सुट्टीवर येनं म्हंजी येनं न्हवं. नोकरी पुरी करून येईल तवा आला म्हनायचं." नियम घेणारी तीच, त्याचा अर्थ लावणारीही तीच.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत तो पुन्हा आला. शेवटचा, पण ते तेव्हा कुणाला माहीत? बागेत तोडणी चालली होती, मीही होतो. त्यानं चांगलं बोटभर लांबीचं द्राक्ष निवडलं, शर्टाला पुसलं आणि आक्काच्या तोंडाशी धरलं. "आक्का, आलोय की घरी. हे काय, उभा हाय तुज्याम्होरं. खा." तिनं हसत हसत ओठ घट्ट मिटून घेतले. तो एका हातानं तिची हनुवटी धरतोय, ती मान फिरवतेय, मी पोट धरून हसतोय. शेवटी त्यानं ते द्राक्ष स्वतःच खाल्लं. "लय हट्टी बाई हाय," तो मला म्हणाला.

जुलैत तो कारगिलच्या डोंगरात गेला. बावीस वर्षांचा होता.

पेटी आली तेव्हा तासगावपासून रस्ता माणसांनी भरला होता. बरोबर आलेल्या फौजेतल्या साहेबांनी आप्पांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की पेटी उघडू नका, बघण्यासारखं नाही. आप्पांनी मान हलवली. आक्का दारात उभी राहून एवढंच म्हणत होती, "योकदा दावा. मी वरडनार न्हाई. योकदा दावा." कुणी दाखवलं नाही. त्या वेळी तिला मागं धरणाऱ्यांत मीही होतो. तिचा दंड माझ्या हातात होता.

पुढच्या हंगामात आक्का द्राक्ष खाईना तेव्हा बायका म्हणाल्या, दुःख ताजं आहे. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाल्या, डोक्यावर परिणाम झालाय. परिणाम वगैरे काही झाला नव्हता. "त्यो मेलाय ते मला ठावं हाय. खुळी न्हाई मी," ती सांगायची. "पर नियम घरी येईपतोर हाय. मी त्याला आलेला बगितला न्हाई." आप्पा सहा वर्षांपूर्वी गेले. त्यांनीही तिला कधी 'खा' म्हटलं नाही.

दर हंगामाला शेडवर नव्या बायका येतात, म्हसवडकडच्या बऱ्याच असतात. त्यातली एखादी पहिल्याच दिवशी बेदाण्याचे चार मणी आक्काच्या पुढं धरणार. आक्का म्हणणार, "न्हाई बाई. माझा सन्मती यायचा हाय." ती विचारणार, कोण सन्मती? मग आक्का सुरू. जन्मापासून भरतीपर्यंत, भरतीपासून पेटीपर्यंत. दोन-तीन दिवस ते पुरायचं. बायका डोळे पुसायच्या आणि निवडायचं काम बोंबलायचं. खरं सांगतो, मी वैतागायचो. एकोणीस वर्षं एकच गोष्ट ऐकून माणूस वैतागणारच. एकदा मी रेडिओ मोठा केला होता.

आणि दर वर्षी सत्कार. सव्वीस जानेवारी, पंधरा ऑगस्ट, कारगिलचा दिवस, शाळेचं गॅदरिंग, कुणाच्या तरी दुकानाचं उद्घाटन. गाडी यायची, आक्काला खुर्चीवर बसवायचे, शाल घालायचे, हातात नारळ द्यायचे. ज्यांनी सन्मतीला पाहिलंही नाही ते त्याच्यावर अर्धा तास बोलायचे. शाली ठेवायला तिच्याकडं जागा नव्हती. थंडीत शेडवरच्या बायका त्याच पांघरायच्या.

मागच्या वर्षी जानेवारीत, हंगामाआधी मी शेडच्या जाळ्या दुरुस्त करत होतो, तेव्हा आमचा सरपंच शिवतेज तिथं आला. तिशीतला, धडपड्या मुलगा, मनानं वाईट नाही. नमनाला घडाभर तेल घालून झाल्यावर त्यानं मुद्दा काढला. गावाच्या वेशीवर सन्मतीच्या नावाची कमान झाली आहे, फेब्रुवारीत मोठ्या साहेबांच्या हस्ते उद्घाटन आहे, आणि त्याच स्टेजवर साहेबांच्या हातून आक्कांनी द्राक्ष खावं. सत्तावीस वर्षांचा नियम गावासमोर सुटावा.

"सुटतो का असा?" मी विचारलं.

"महाराजांना विचारून आलोय मी," शिवतेज म्हणाला. "ते म्हनले, देह घरी आला म्हंजे मुलगा घरी आला. नियम तवाच पुरा झालाय. बाईनं खुशाल खावं. निजामभाई, तुमी सांगा त्यांना. तुमचं ऐकतील. आनि आपल्या शेडच्या रस्त्याचं बी साहेबांच्या कानावर घालू."

शेडचा रस्ता कच्चा आहे. ट्रॅक्टर गेला की धुरळा उडतो आणि सगळा जाळीतनं आत येऊन बेदाण्यावर बसतो. चार वर्षं मी त्या रस्त्यासाठी अर्ज करत होतो. रस्ता माझ्या डोक्यात आलाच नाही असं मी म्हणणार नाही. आला. पण मला खरोखर असंही वाटलं, की बस झालं, म्हातारीची सुटका होऊ दे. दोन्ही गोष्टी एकदम वाटल्या, आणि कुठली आधी ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेलो. पाऊसपाणी झालं, गुडघेदुखी झाली, चहा झाला.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतूयास?" आक्का म्हणाली. "काय काम काडलंस ते बोल."

मी सांगितलं. शिवतेजनं छापून घेतलेल्या फलकाचा फोटो मोबाईलवर दाखवला. 'देशासाठी द्राक्षांचा त्याग करणारी वीरमाता.' मी वाचून दाखवलं तशी ती चिडली.

"देशासाटी कुटं रं? मी पोरासाटी सोडली. देश मला कवा म्हनला, द्राक्ष खाऊ नगंस म्हनून?"

"लिवनारं कायबी लिवत्यात, आक्का. ते सोडा. पर म्हाराजांनी सांगितलंय की नियम पुरा झाला."

"कसा झाला?"

"देह घरी आला तवाच त्यो आला, असं म्हनले."

चुलीवरचं दूध उतू जायला आलं, ते तिनं उतरवलं. "पेटी आली हुती," ती म्हणाली. "त्यो आला म्हनून कुनी बगितलं?" मग अगदी खालच्या आवाजात, "म्हाराज म्हनत्यात तर आला आसंल बाबा. मी काय शिकल्याली न्हाई."

मला उठून जावंसं वाटलं. पण मी बसून राहिलो.

"लय कट्टाळा आलाय, निजाम."

"कशाचा?"

"समद्याचाच. गाडीत बसायचा, खुर्चीव बसायचा, शालीचा. त्या पोरी गानं म्हनत्यात आन् मी बगत बसायचं. द्राक्ष खाल्लं तर सुटंल का रं ह्यातनं?"

"सुटंल, आक्का," मी म्हणालो. मला काय माहीत होतं? पण म्हणालो.

समारंभ दुपारी चारला होता, म्हणजे साहेब सहाला आले. आक्का तीनपासून खुर्चीवर. दिवस मावळायच्या आत उरकायला पाहिजे, नंतर ती काही खात नाही, हे मी शिवतेजला दोनदा जाऊन सांगितलं. मग भाषणं मागं ठेवली आणि ताट आधी पुढं आणलं. चांदीचं ताट, त्यात आमच्याच गावचे निवडक घड. साहेबांनी एक द्राक्ष तोडलं आणि "घ्या, माई" म्हणून तिच्या तोंडाशी धरलं. आक्कानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तिनं तोंड उघडलं.

टाळ्या वाजल्या. फोटोवाला ओरडला, "साहेब, आलं न्हाई! परत एकदा!" साहेबांनी दुसरं द्राक्ष धरलं. आक्कानं तेही खाल्लं. तेवढ्यात चॅनेलवाला म्हणाला की साहेबांच्या हातानं माईंचा चेहरा झाकला, जरा हात खाली घेऊन पुन्हा. तिनं तिसरं खाल्लं. सत्तावीस वर्षं जपलेला नियम दोन मिनिटांत तीन वेळा मोडला आणि माझ्यासकट सगळ्या मांडवानं ते उभं राहून बघितलं. मला स्वतःची शिसारी आली. पण टाळ्या मीही वाजवत होतो, कारण सगळे वाजवत होते.

तिच्या हातात माईक कुणी दिला नाही. ती माझ्याकडं वाकून म्हणाली, "झालं?"

"झालं, आक्का."

"मग घरला सोड."

मी तिला मोटारसायकलवर मागं बसवून घरी आणलं. दारात उतरल्यावर मीच विचारलं, "गोड हुतं का?"

"कळलं न्हाई," ती म्हणाली, आणि आत गेली.

त्यानंतर हंगाम सुरू झाला. आक्का नेहमीसारखी आली, पोतं अंथरून पहिल्या जागेवर बसली. त्या दिवसाचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला होता, म्हसवडच्या बायकांनीसुद्धा बघितला होता. पहिल्या दिवशी एकीनं चार बेदाणे पुढं केले. आक्कानं घेतले, खाल्ले. ती बाई आपल्या कामाला लागली. दुसऱ्या दिवशीही तसंच. आक्का आता मुठीत दाबण्याच्या भरीला पडत नव्हती, बाकीच्या बायकांसारखी दाणा तोंडात टाकायची आणि म्हणायची, गोड हाय. दोनदा तिचा अंदाज चुकला.

सत्काराच्या गाड्याही कमी झाल्या. गोष्ट संपली होती, आता बोलवून सांगायचं काय? मला आधी बरंच वाटलं. शेडवर काम भराभर उरकायला लागलं. रस्त्यावर खडी पडली, पुढं डांबरही झालं. मी लोकांना सांगत होतो की आक्का सुटली बघा, आता कशी चार माणसांसारखी झाली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी काम लवकर संपलं. बायकांना न्यायला टेम्पो आला. सगळ्या चढल्या, आक्का चढेना. पदरानं हात पुसत ती माझ्याकडं आली.

"निजाम."

"काय, आक्का?"

"काय तरी इचार की रं मला."

"काय इचारू?"

"कायबी. त्याचं." तिचा आवाज चढला, माझ्यावर रागावल्यासारखा. "आदी द्राक्ष म्होरं आलं की कोन ना कोन इचारायचंच. का खाईनास गं? मग मी सांगायची. दिसातनं योक डाव तरी त्याचं नाव माज्या तोंडात यायचं. आता मी मागून खाते, तरी कोन इचारत न्हाई. दोन म्हैनं झालं. म्या कुनाला सांगू? तू तर त्याचा दोस्त. तू बी इचारत न्हाईस."

मला तोंड वर करवेना. बेदाण्याच्या ढिगाकडं बघत मी डोकं खाजवत उभा राहिलो. त्याची शाळा मला माहीत होती, भरती माहीत होती, सुट्ट्या, पेटी, सगळं माहीत होतं. जे माहीत आहे ते विचारलं असतं तर तिनं ओळखलं असतं, की हा नुसता दयेनं विचारतोय. माझ्या आधीचं, मला न दिसलेलं काहीतरी पाहिजे होतं, आणि ते मी आयुष्यात कधी शोधलंच नव्हतं. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न मारला.

"त्यो चालाय कवा लागला, आक्का?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मग एक रिकामा क्रेट पालथा घालून त्यावर बसली.

"अकराव्या म्हैन्यात," ती म्हणाली. "आरं, चालाय कुटलं, पळायच लागला एकदम. त्याचं आप्पा औत सोडून आलं हुतं..."

मी टेम्पोवाल्याला हातानंच खूण केली, तू जा, मी सोडतो.